धुलाईघर

साच्याच्या खालच्या तोंडाशी काळा थेंब लोंबकळला, लांबला, आणि आपल्याच वजनाने खाली येताना मागे धागा सोडत आला. तिने तो काचेच्या कांडीवर अलगद झेलला, मागे सरकली आणि फिरत्या रिळाला टेकवला. रिळाने धागा धरला. तिने हात मागे घेतले आणि ती जागच्या जागी उभी राहिली. श्वाससुद्धा ती बेताने घेत होती, कारण या धाग्याला कुणी शेजारून चालत गेलेलंही सोसत नसे.

"बोलू नका," ती म्हणाली.

"मी कुठे बोललो?" भट्टीकाका म्हणाले.

"बोलणार होतात."

भट्टीकाका तोंड मिटून हसले. संशोधन संस्थेच्या भट्ट्या सांभाळण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. निवृत्ती आता तोंडावर आली होती आणि त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. रीळ फिरत राहिलं. पांढऱ्या नळकांड्यावर आधी करडी छटा आली, मग काळी, मग त्या काळ्यावर रेशमासारखी चमक चढली. एरवी या वेळेपर्यंत धागा तुटून जमिनीवर पडलेला असे आणि दोघं एकमेकांकडे न बघता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत असत. आज भांड्यातला माल संपला, पण धागा तुटला नाही.

या कामामागे ती लागली त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. कोळसा भाजून कोक करताना डांबर निघतं. त्यातली कामाची तेलं काढून घेतली की तळाशी उरतो तो पीच. दिसायला काळ्या काचेसारखा, हातोडीने फुटणारा, आणि अंगाला लागून वर ऊन पडलं तर कातडी भाजून काढणारा. छपरांच्या भेगा बुजवायला, रस्त्यावर ओतायला जातो, नाहीतर कारखान्याच्या कोपऱ्यात ढीग होऊन पडतो. तिचं म्हणणं असं की हाच पीच नीट गाळला, वितळवला आणि केसाहून बारीक ओढला तर त्याचा धागा होतो. तो धागा हवेत हळूहळू भाजून पक्का करायचा, म्हणजे पुन्हा वितळत नाही. मग नायट्रोजन भरलेल्या भट्टीत तापवायचा. बाकी सगळं उडून जातं आणि कार्बन उरतो. लोखंडाहून हलका, आणि कधी न गंजणारा. असा धागा जगात बनत होता, पण महागड्या कच्च्या मालापासून. तो विमानांना परवडे. तिला तो पुलांच्या काँक्रीटला परवडायला हवा होता.

म्हणायला सोपं होतं. आधी धागा तुटे. तुटायचा थांबला तर भाजताना चिकटे, आणि ओव्हनमधून न विंचरलेल्या केसांच्या जटेसारखा गुंता बाहेर येई. पीच जास्त शिजवला तर साच्याची भोकं बुजत, कमी शिजवला तर धागा ओव्हनमध्ये मेणासारखा बसे. वरिष्ठ अधूनमधून विचारत, "आणखी किती दिवस?" आणि ती दर वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेई.

त्या रिळावरचा माल भाजून, भट्टीतून काढून थंड झाला त्या दिवशी भट्टीकाकांनी स्वतः झाकण उघडलं. चिमट्याने एक झुबका उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला आणि बोटाने हलकेच टिचकी मारली. धागे पसरले.

"सुटे आहेत," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "एकन् एक सुटा आहे, मॅडम."

त्यांनी चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि पुन्हा काढून पुसला. झुबका हातात घेऊन ती तशीच खिडकीपाशी उभी राहिली.

पुलांच्या तुळया बनवणाऱ्या एका कंपनीने या कामावर नजर ठेवली होती. ताकदीच्या चाचण्या पार पडल्या तशा कंपनीच्या एक अधिकारी बाई आल्या. तिच्याच वयाच्या, केस आखूड कापलेल्या, पायात कामाचे बूट घालून आलेल्या. तिला वाटलं होतं, बाई कचेरीत बसून चहा पितील आणि कागद मागतील. पण त्या शिडीवर चढल्या, वितळवण्याच्या भांड्यावर वाकून बघून आल्या, आणि त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागला. तिला त्या आवडल्या.

शहराबाहेर एक छोटा कारखाना उभारायचा, तो वर्षभर चालला तर मोठा, असा बेत होता. सगळं अडलं होतं ते किमतीवर. धाग्याचा भाव एका रेषेच्या खाली आला तरच संचालक मंडळ हो म्हणणार होतं, आणि तिचं अंदाजपत्रक त्या रेषेच्या किंचित वर होतं. दोघी एका टेबलाशी बसून ओळ अन् ओळ तपासू लागल्या. नायट्रोजन पुन्हा वापरता येईल का. ओव्हनची उष्णता वितळवण्याला देता येईल का. जिथे जिथे काही निघण्यासारखं होतं तिथे बाईंनी ते काढलं, आणि काढताना तिलाही पटवून दिलं.

"ही धुलाईघराची ओळ कशाची?"

"कामाचे कपडे तिथेच धुवायचे. मोठी यंत्रं, गरम पाणी. आणि ते पाणी गटारात सोडता येत नाही, त्याचा निचरा वेगळा लागतो. खरा खर्च त्या निचऱ्याचा आहे."

"अंघोळीची सोय धरली आहे ना?"

"ती काढता येणार नाही."

"काढा म्हणतच नाही. बंद भांडी, हवा ओढणारे पंखे, हातमोजे, मुखवटे, सगळं राहू दे. माणूस अंघोळ करून स्वच्छ घरी जाईल. कपडे पिशवीत घालून नेईल. साबणासाठी भत्ता देऊ आपण. सगळीकडे असंच चालतं." बाईंनी मान वर केली. "तुम्ही तुमचा ॲप्रन कुठे धुता?"

"घरीच," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

त्या ओळीवर आडवी रेघ गेली. आकडा रेषेच्या खाली आला. बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि आता चहा चालेल असं म्हणाल्या.

घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. वडील जाऊन बराच काळ लोटला होता. त्यानंतर मायलेकी दोघीच या घरात राहत होत्या. सवयीने एकमेकींच्या आवाजावरूनच एकमेकींचा दिवस ओळखत.

"झालं वाटतं," आई म्हणाली.

"बहुतेक होईल."

"बहुतेक का असेना. बस, हातपाय धू." आईने तिच्या हातातली ॲप्रनची पिशवी काढून घेतली आणि मागच्या न्हाणीघरात नेऊन ठेवली. ही पिशवी ती कधी मुलीला उघडू देत नसे. घरात धुण्याचं यंत्र होतं, पण ॲप्रन त्यात टाकायचे नाहीत असा आईचा दंडक. यंत्राला वास धरतो, मग चादरींना लागतो, मग उशांना लागतो. त्यासाठी वेगळा टब, कढत पाणी, सोडा आणि कडक ब्रश. आई तिथे पाटावर बसून ते कपडे घासायची, आणि घासताना तिच्या तोंडून एक बारीक हुंकार येई, जसा जड दार ढकलताना येतो.

लहानपणापासून तिने हा आवाज ऐकला होता. वडील डांबराच्या यार्डात होते. पिंपं भरायची, वाहिन्यांची तोंडं मोकळी करायची, असलं काम. त्यांची डांगरी आई याच ब्रशाने घासायची आणि मोरीतून जाणाऱ्या पाण्यावर निळेजांभळे पट्टे तरंगायचे. तिला ते फार सुंदर वाटायचे. डांबराचा वास तिच्या लेखी वडिलांचाच वास होता. ती या विषयात गेली त्यात त्या वासाचा थोडा हात असावा, असं ती कधीमधी चेष्टेने म्हणायची. वडील गेले ते हृदयाच्या दुखण्याने. "इतकी वर्षं त्या काळ्यात राहिले, पण डांबराने त्यांचं काही वाकडं केलं नाही," हे आई आल्यागेल्याला मानेने ठेका देत सांगायची.

त्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ती गच्चीवर आईला मदत करायला गेली. ऊन कडक होतं. आई पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी होती आणि तिथूनच हात लांब करून दोरीवर कपडे टाकत होती. हात उन्हात गेला की ती तो चटकन मागे घेई, मनगट पोटाशी धरी, आणि मग पुढचा कपडा उचली.

"हात का ओढतेस?"

"चुरचुरतं उन्हात. वय झालं."

"बघू."

"त्यात काय बघायचंय?"

तिने आईचा हात धरला आणि बाही वर सारली. इतक्या उकाड्यात आई पूर्ण बाह्या का घालते, हे तिने कधी विचारलं नव्हतं. उजव्या मनगटाच्या वर, हाताच्या पाठीवर, एक टणक उंचवटा होता. कडा गोल, वर आलेल्या. मध्ये खड्डा पडलेला आणि त्यात खपली.

तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. प्रयोगशाळेच्या दाराशी सूचनांचा फळा होता. पीचशी काम करणाऱ्यांच्या कातडीवर काय काय उठू शकतं, त्याची छायाचित्रं तिनेच मिळवून त्यावर लावली होती. नवीन कुणीही आलं की ती त्याला तिथे उभं करून एकेक चित्र दाखवायची आणि म्हणायची, असं काही दिसलं तर लपवू नका.

"कधीपासून आहे हे?"

"चामखीळ आहे गं. येते, मी काढते, परत येते."

"काढतेस म्हणजे?"

"ब्लेडने. तुझे बाबा पण काढायचे त्यांच्या."

वाऱ्याने एक ॲप्रन दोरीवरून निसटला. दोघींपैकी कुणीही तो उचलला नाही.

कातडीचे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी भिंगातून हात पाहिला, दुसरा हात पाहिला, मान, कान, कपाळ पाहिलं. मग लिहिता लिहिता विचारलं, "काम काय करता?"

"घरीच असते," आई म्हणाली.

"पूर्वी? डांबर, काजळी, यंत्राचं तेल, असं काही?"

आईला हसू आलं. "नाही हो. मी आयुष्यात कारखान्याचं दारसुद्धा पाहिलेलं नाही."

डॉक्टरांनी पेन थांबवून मुलीकडे पाहिलं.

"वडील डांबराच्या यार्डात होते," ती म्हणाली. "मी पीचवर काम करते. आमचे कपडे ही धुते. हाताने."

"हातमोजे घालता का धुताना?"

"हातमोज्यांनी डाग निघत नाही," आई म्हणाली.

त्यांनी त्याच आठवड्यात हात बधिर करून तो भाग कापून काढला आणि तपासायला पाठवला. टाके घातल्यावर आई कपडे सारखे करायला पडद्यामागे गेली, तेव्हा तिने डॉक्टरांना हळूच विचारलं, "कुणाचं असेल हे? म्हणजे, वडिलांच्या वेळचं, की माझं?"

डॉक्टरांनी हात धुऊन पुसले. "अशा गोष्टीला वर्षानुवर्षं लागतात. सुरुवात तेव्हाची असेल. पण नंतर भर पडली नाही, असं मी म्हणू शकत नाही. म्हणू शकलो असतो तर बरं वाटलं असतं तुम्हाला."

"हो."

"त्यांना यापुढे ते कपडे धुऊ देऊ नका."

बसथांब्यावर दोघी बाकावर बसल्या. आईने पट्टी बांधलेला हात मांडीवर असा ठेवला होता की जणू तो कुणी तिला थोडा वेळ सांभाळायला दिला आहे. एक बस आली, गेली. ती त्यांची नव्हती.

"म्हणजे मीही कारखान्यातच होते म्हणायची," आई म्हणाली.

तिच्या स्वरात राग नव्हता. एखाद्या लांबच्या नात्याची उशिरा ओळख पटावी तशी ती बोलली. मग थोडं थांबून म्हणाली, "तुझ्या बाबांना निरोपाच्या दिवशी घड्याळ दिलं होतं, आठवतं? भिंतीवरचं. माझी तर कुणी हजेरीसुद्धा मांडली नाही."

आणि ती हसली. मुलीला हसता आलं नाही. तिने आईचा दुसरा हात धरला आणि बस येईपर्यंत धरून ठेवला.

तपासणीचा निकाल आला. कॅन्सर होता, पण कातडीपुरता होता, आणि सगळा निघाला होता. दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं. आईने ते ऐकलं, बरं म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. डाव्या हाताने तिला ती धड चिरता येईना. मुलीने सुरी मागितली तर तिने दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कंपनीच्या बाईंची वेळ मागितली. यावेळी ती त्यांच्या कचेरीत गेली. अंदाजपत्रक टेबलावर ठेवून तिने त्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही परत घालायची आहे."

"मग आकडा वर जातो."

"माहीत आहे."

बाई मागे टेकल्या. "तुम्हीच हो म्हणाला होतात."

"म्हणाले होते. चुकले." इथे येताना तिने ठरवलं होतं की घरचं काही सांगायचं नाही. नियमांचा, आकड्यांचा आधार घ्यायचा. पण समोरच्या बाईंची नजर सरळ होती, आणि तिला आडवळणाने बोलायचा कंटाळा आला. "माझे कपडे माझी आई धुते. आधी वडिलांचे धुवायची. तिच्या हातावरून परवा रोग काढला. ती कधी कारखान्यात गेलेली नाही."

बाहेर कुणीतरी छपाईचं यंत्र सुरू केलं, बंद केलं.

"बऱ्या आहेत ना आता?"

"बरी आहे."

"मी मांडते मंडळापुढे," बाई म्हणाल्या. "पण खोटी आशा लावत नाही. ते म्हणतील, पाहिजे तर ही ओळ पुढच्या टप्प्यात घ्या."

"पुढच्या टप्प्यात घेऊ म्हटलेलं कुणी घेतं का?"

बाई उठून तिला दारापर्यंत पोचवायला आल्या.

भट्टीकाकांना सांगणं याहून अवघड गेलं. नव्या कारखान्याच्या भट्ट्या त्यांच्या हातून सुरू व्हायच्या होत्या. निवृत्तीनंतर दोन वर्षं तिथे शिकवायला या, असं बाईंनी त्यांना तोंडी सांगितलं होतं, आणि त्यांनी ते घरीदारी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. ती बोलत असताना ते ओव्हनच्या जाळीवरची राख ब्रशाने झाडत होते. तिचं बोलणं संपल्यावरही झाडत राहिले.

"धुलाईघरापायी?" ते म्हणाले.

"हो."

"मॅडम, आयुष्यभर मी दुसऱ्यांचे प्रयोग तापवले. यातला एक तरी बाहेर पडून कशाला तरी लागावा, एवढीच इच्छा होती. धुलाईघर काय, उद्या बांधता आलं असतं."

"ही इमारत किती जुनी आहे, काका? आहे का आपल्याकडे धुलाईघर?"

त्यांनी जाळी उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने झाडायला घेतली.

"तुमचे कपडे कोण धुतं?"

"आधी ही धुवायची," ते म्हणाले. मग ब्रश खाली ठेवून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "आता सून."

त्या दिवशी ते लवकर घरी गेले. पण म्हणून त्यांनी तिला माफ केलं असं झालं नाही. पुढे ते तिच्याशी कामापुरतं बोलत राहिले, पूर्वीसारखे विनोद त्यांनी केले नाहीत. कंपनीचा नकार आला त्या दिवशी त्यांनी तो पत्राचा कागद वाचून तिच्या टेबलावर परत ठेवला, कडा टेबलाच्या कडेला नीट जुळवून. नकारात वाईट काही लिहिलेलं नव्हतं. कामाची वाखाणणी होती, पुढे कधी किंमत खाली आली तर अवश्य कळवावं असंही होतं. भट्टीकाका ठरल्या दिवशी निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी त्यांनी सगळ्यांसमोर तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "धागा मात्र चांगला होता." त्यांना आणखी काही म्हणायचं होतं असं तिला वाटलं. पण मागे लोक थांबले होते.

वरिष्ठांकडे खेटे घालून तिने संस्थेच्या मागच्या खोलीत एक धुण्याचं यंत्र आणि निचऱ्याची टाकी बसवून घेतली. सगळ्यांचे कपडे आता तिथेच राहू लागले. टाकी लहान होती, आठवड्याला उपसावी लागे, आणि त्यावरून कुरबुर होई. ती पुन्हा पहिल्यापासून किमतीच्या मागे लागली. आता हिशेबात धुलाईघर आधीपासूनच होतं. बाकी कुठे काय कमी होतंय ते बघायचं होतं.

घरी आईला चैन पडेना.

"माझ्या एका चामखिळीपायी एवढं काम मोडलंस," ती एकदा म्हणालीच.

"तुझ्यापायी नाही गं. त्या कारखान्यात जे लागले असते, त्यांच्याही घरी कुणीतरी असेल ना."

"मग त्यांनी धुतले असते. बायका धुतातच."

हे बोलून झाल्यावर आई स्वतःच थबकली. पट्टी निघाली होती. हातावर गुलाबी, चकचकीत व्रण होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला आणि उठून खिडकी लावायला गेली. खिडकी लावलेलीच होती.

उन्हाळा सरत आला होता तेव्हा एका सुट्टीच्या सकाळी फोन वाजला. कंपनीच्या बाईंचा होता.

"ऑफिसच्या कामासाठी नाही केला," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता. "आईंची तब्येत कशी आहे?"

"चांगली आहे. मागच्याच आठवड्यात दाखवून आलो."

"हं." मग बाई थांबल्या. "आमच्याकडे धुणंभांडी करायला एक मावशी येतात. मी लग्न होऊन इथे आले त्याच्या आधीपासूनच्या. यांचं यंत्रांचं वर्कशॉप आहे, तिथले तेलकट कपडे, माझे साइटवरचे, सगळे त्याच धुतात. सासरे असताना त्यांचेही त्याच धुवायच्या. तुम्ही येऊन गेल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नव्हतं. काल मी म्हटलं, मावशी, हात दाखवा जरा. तर त्यांनी हात पाठीमागे नेले."

तिने कागद-पेन जवळ ओढलं.

"मी रागावून बघितलं, समजावून बघितलं. त्यांना वाटतंय, मी कामावरून काढणार. आत्ता आल्यात, आत भांडी घासतायत. मला विचारायचं होतं, तुमच्या आईंनी कसा दाखवला?"

"तिने नाही दाखवला," ती म्हणाली. "मी बाही वर केली."

"असं होय."

"डॉक्टरांचा पत्ता देते मी. पण..."

आई दारात येऊन उभी राहिली होती. फोनवरचं बोलणं किती ऐकू गेलं कुणास ठाऊक. ऐकू गेलं तेवढं तिला पुरेसं झालं असावं.

"दे इकडे," आई म्हणाली.

"आई, त्या कंपनीच्या..."

"कळलं कोण आहेत ते. दे."

आईने फोन घेतला. कानाला लावायच्या आधी तिने खुर्ची ओढली आणि ती ऐसपैस बसली, बराच वेळ बोलणं चालणार असल्यासारखी.

"नमस्कार. मी आई बोलतेय. जरा त्यांना देता का फोन? मावशींना. हो, हात ओले असू देत, चालेल. आणि तुम्ही जरा दुसऱ्या खोलीत जा."

पलीकडे काही हालचाल झाली असावी. आई वाट पाहत राहिली. मग तिचा आवाज खाली आला, शेजारणीशी कुंपणापाशी बोलावं तितका.

"तुम्ही ओळखत नाही मला," ती म्हणाली. "मीही हेच काम केलंय. तुमचं कुठल्या हाताला आहे? माझं उजव्याला होतं."